वायरलेस रोबोसाठी डेटा-पॅकेट कसं आखायचं? (एनआरएफ२४, एचसी-०५ आणि आठ बाइट)

अनगोळ_४७के

दोन मोटरी, एक हात, एक पकड. एवढ्या छोट्या रोबोतही मोटर, चाकं आणि बॅटरी यांवर आठवडे जातात आणि हवेतून नेमकं काय पाठवायचं ते शेवटच्या रात्री ठरतं. मग रोबो अडखळतो, भलतीकडे पळतो आणि दोष 'रेंज'ला जातो. म्हणून हा धागा फक्त पॅकेटच्या (एका वेळी हवेतून जाणाऱ्या बाइटांच्या गठ्ठ्याच्या) रचनेवर. हार्डवेअर गृहीत धरलंय ते असं: रिमोट आणि रोबो दोन्हीकडे आर्डुइनो नॅनो (एटीमेगा ३२८पी), एनआरएफ२४एल०१ प्लस हे रेडिओ मॉड्यूल आणि ते चालवणारी आरएफ२४ लायब्ररी.

पाया एकच: आज्ञा पाठवू नका, स्थिती पाठवा. 'पुढे जा' आणि 'थांब' असे दोन संदेश ठेवले आणि त्यातला 'थांब' हरवला, तर रोबो भिंत लागेपर्यंत जाणार. त्याऐवजी रिमोटची दांडी (जॉयस्टिक) आत्ता कुठे आहे, कोणतं बटण दाबलेलं आहे, हे सगळं चित्र सेकंदाला ५० वेळा पाठवा. एक पॅकेट गेलं तर गेलं, २० मिलिसेकंदांत पुढचं येतं आणि त्याला मागच्याची गरज नसते.

आठ बाइटांत एवढं मावतं:

० – वरचे चार बिट आवृत्ती, खालचे चार पॅकेटचा प्रकार
१ – अनुक्रमांक, ० ते २५५, मग पुन्हा ०
२ – पुढे-मागे, −१२७ ते +१२७
३ – डावं-उजवं, −१२७ ते +१२७
४ – हाताचा कोन, ० ते १८०
५ – पकड, ० ते १८०
६ – आठ बटणांचे आठ बिट
७ – घटना-मोजणी (हॉर्न एकदा वाजव, फोटो एकदा काढ असल्या कामांसाठी)

सातव्या बाइटाबद्दल थोडं. हॉर्नचं बटण दाबलं की मोजणी एकाने वाढते आणि पुढच्या प्रत्येक पॅकेटात तीच जाते. रोबो मागची मोजणी लक्षात ठेवतो, आकडा बदललेला दिसला की काम करतो. चार पॅकेटं हरवली तरी हॉर्न वाजतो, चाळीस पॅकेटं आली तरी एकदाच वाजतो. रोबो नुकताच चालू झाला असेल तर पहिल्या पॅकेटातला आकडा फक्त लिहून ठेवायचा, त्यावर काहीच करायचं नाही. नाहीतर स्विच टाकला की हॉर्न.

सीआरसी (पॅकेट वाटेत बिघडलं का ते ओळखणारा तपासणीचा आकडा) यात मुद्दाम नाही. एनआरएफ चिप स्वतः एक किंवा दोन बाइटांचा सीआरसी लावते आणि बिघडलेलं पॅकेट तुमच्यापर्यंत येऊच देत नाही. दोन बाइटांचा ठेवा.

चिकोडी_रोव्हर

अक्षरांत पाठवलं तर काय बिघडतं ओ? 'एक्स५१२वाय४९८' असं. सिरियल मॉनिटरवर डोळ्यांनी वाचता येतंय की.

अनगोळ_४७के

वाचता येतं, खरंय. पण ४९८ तीन अक्षरांचं, ७ एका अक्षराचं, −१०० चार अक्षरांचं. प्रत्येक पॅकेटची लांबी वेगळी, आणि आकडा मधेच तुटला तर ५१२ चा ५१ होतो. ५१ हाही वैध आकडाच आहे, चूक कळतच नाही. डोळ्यांनी बघायचं तर रोबोवर पॅकेट उलगडल्यावर छापा. तपासणीची सोय हवेतून पाठवू नका.

शिवाय वेळ बघा. आठ बाइटांचं पॅकेट हवेत जाताना ८ बिट प्रीअँबल (सुरुवातीची खूण), ४० बिट पत्ता, ९ बिट नियंत्रण, ६४ बिट तुमचा डेटा, १६ बिट सीआरसी, असे १३७ बिट होतात. २५० केबीपीएसला (सेकंदाला अडीच लाख बिट) सुमारे ०.५५ मिलिसेकंद. ३२ बाइटांचं पॅकेट ३२९ बिट, म्हणजे १.३ मिलिसेकंद. लायब्ररीत पेलोडचा (तुमच्या डेटाचा) आकार सांगितला नाही तर ती ३२ बाइटच धरते, म्हणून 'सेटपेलोडसाइज'मध्ये ८ द्या, दोन्हीकडे. एकीकडे ८ आणि दुसरीकडे ३२ राहिलं तर काहीच पोचत नाही आणि लोक अँटेना बदलत बसतात.

उद्यमबाग_वर्कशॉप

यात एक खाच आहे. एकीकडे नॅनो आणि दुसरीकडे ईएसपी३२ (३२ बिटांची दुसरी चिप) असेल तर आकड्यांसाठी नुसता 'इंट' हा प्रकार लिहू नका. नॅनोत तो १६ बिटांचा, ईएसपी३२ वर ३२ बिटांचा. लांबी नावातच असलेले प्रकार वापरा, म्हणजे यू-इंट-८, इंट-८, यू-इंट-१६. तेवढ्यानेही भागत नाही. ईएसपी३२ वर कंपायलर स्ट्रक्टमध्ये (एकत्र बांधलेल्या आकड्यांच्या गटात) मोकळे बाइट घुसवतो. एक बाइट आणि त्यामागे १६ बिटांचा आकडा असेल तर नॅनोवर ३ बाइट, ईएसपी३२ वर ४. म्हणून स्ट्रक्टला 'पॅक्ड' लावा आणि दोन्हीकडे साइझऑफ (एकूण बाइट) छापून बघा. आकडे जुळले तरच पुढे.

वर सगळे एकेरी बाइट आहेत म्हणून हा त्रास टळतोय. उद्या कोणी अंतर म्हणून १६ बिटांचा आकडा घालेल, तेव्हा आठवण ठेवा. बाइटांचा क्रम दोन्ही चिपांत सारखा आहे, आधी लहान बाइट.

बटणांसाठी बिटफील्ड (स्ट्रक्टमध्ये एकेका बिटाला नाव देण्याची सोय) वापरू नका. कोणता बिट आधी, हे कंपायलरवर असतं. साधं शिफ्ट आणि मास्क करा.

निपाणीकर

−१२७ का? −१२८ पर्यंत जागा आहे ना?

अनगोळ_४७के

जागा आहे, आणि घोटाळाही तिथेच आहे. दांडीचं वाचन ० ते १०२३. त्यातून ५१२ वजा करून चाराने भागलं तर वर +१२७ आणि खाली −१२८ येतं. मग कोणीतरी दिशा उलटी करायला उणे चिन्ह लावतो. −१२८ चं उणं केलं की +१२८, ते आठ बिटांत मावत नाही, परत −१२८ होतं. पूर्ण उलट मागितलं आणि रोबो पूर्ण त्याच दिशेला. −१२७ ला कापा आणि −१२८ हा आकडा 'दांडीचं वाचन बिघडलंय' या खुणेसाठी राखून ठेवा.

मधला बिंदू ५१२ धरू नका. स्वस्त जॉयस्टिकचा मध्य त्याच्या आसपास कुठेही असतो. रिमोट चालू होताना १६ वाचनांची सरासरी घ्या, तोच शून्य. त्याभोवती सहा-सात आकड्यांचं मृत क्षेत्र ठेवा, नाहीतर दांडी सोडल्यावरही मोटर गुणगुणत राहते. सरासरी ४०० ते ६२० च्या बाहेर आली तर चालू होताना कोणीतरी दांडी दाबून धरलीय, तेव्हा रिमोटने पुढे जाऊच नये.

वडगाव_सोल्डर

दांडीची तार तुटली तर काय होतं ते कोणी लिहिलं नाही. ग्राउंडची तार सुटली की वाचन १०२३, म्हणजे पूर्ण वेगाने पुढे. पाच व्होल्टची सुटली तर ०, पूर्ण वेगाने मागे. पॅकेट बरोबर, सीआरसी बरोबर, अनुक्रमांक बरोबर. फेलसेफला (संपर्क तुटला की रोबो थांबवणाऱ्या कोडला) काहीच कळत नाही. दांडीतल्या १० के पॉटच्या (फिरत्या रेझिस्टरच्या) दोन्ही टोकांना ४७० ओहम लावा. खरी हालचाल ४४ ते ९७९ मध्येच राहील. १० च्या खाली किंवा १०१३ च्या वर काही दिसलं तर तार तुटलीय, −१२८ पाठवा.

उद्यमबाग_वर्कशॉप

सुट्या पॉटसाठी बरोबर. पण जॉयस्टिकच्या तयार मॉड्यूलमध्ये दोन्ही पॉट आतल्या आत एकाच पुरवठ्यावर असतात, म्हणजे दोन १० के समांतर, ५ के. मग ४७० ओहम लावले की हालचाल ८१ ते ९४२ मध्ये येते. चालतंय, फक्त मोजणीचा भागाकार त्या हिशेबाने बदला, नाहीतर पूर्ण दांडी टाकूनही पूर्ण वेग मिळणार नाही. आणि मधली, सिग्नलची तार तुटली तर वाचन तरंगत राहतं, ते या युक्तीने पकडता येत नाही. तिथे १०० के ग्राउंडला लावून ठेवा, पण मग ग्राउंडची तार तुटल्यावरचं वाचन १०२३ च्या खाली येतं, म्हणून १०१३ ची सीमा मोजून पुन्हा ठरवा.

खानापूर_आठबिट

आता फेलसेफ. सर्वात जास्त रोबो इथेच फसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

शेवटचं *चांगलं* पॅकेट कधी आलं ती वेळ ठेवा. चांगलं म्हणजे आवृत्ती जुळते, प्रकार ओळखीचा आहे, आकडे मर्यादेत आहेत असं. फक्त 'काहीतरी आलं' यावर घड्याळ पुन्हा लावू नका. २०० मिलिसेकंद गेले की मोटरी शून्यावर. अर्धा मीटर प्रति सेकंद वेगाचा रोबो तेवढ्यात १० सेंटिमीटर जातो, हे परवडतं. एक सेकंद गेला की रोबो 'निःशस्त्र', म्हणजे संपर्क परत आला तरी दोन्ही दांड्या मध्यावर आल्याचं दिसेपर्यंत हलायचं नाही. हे नसलं तर काय होतं: संपर्क तुटतो, हातातला माणूस घाबरून दांडी पूर्ण पुढे रेटतो, संपर्क परत येतो आणि रोबो उडी मारतो.

४० मिलिसेकंदांचा फेलसेफ ठेवू नका. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर. पत्र्याच्या शेडमध्ये लाटा भिंतींवर आपटून परततात आणि दर सहा-एक सेंटिमीटरवर बारके मृत ठिपके तयार होतात. चालता रोबो त्यातून जाताना दोन-तीन पॅकेटं हरवणारच. इतका कमी वेळ ठेवला की तो हिसके देत चालतो.

कोडमधल्या नेहमीच्या चुका:

मिलिसची वेळ (चिप चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) 'इंट'मध्ये ठेवणं. नॅनोवर ३२,७६७ मिलिसेकंदांनंतर, म्हणजे पावणेतेहतीस सेकंदांच्या आसपास, हिशेब बिघडतो. टेबलावर वीस सेकंद चालवून 'झालं' म्हणणाऱ्याला हे दिसत नाही. बिनचिन्हाचा ३२ बिटांचा प्रकार घ्या आणि 'आत्ता वजा मागचं' असंच लिहा.

लूपमध्ये डिले. हात हळू फिरवण्यासाठी १५ मिलिसेकंदांचे नव्वद डिले टाकले तर १.३५ सेकंद फेलसेफ झोपलेला. पायऱ्या मिलिसवर चालवा.

पॅकेट एकच वाचणं. चिपच्या आत तीन पॅकेटांची रांग असते. लूप हळू असेल तर तुम्ही कायम दोन पॅकेटं शिळं वाचत राहता आणि नवीन आलेलं टाकून दिलं जातं. रांग रिकामी होईपर्यंत वाचा, शेवटचं वापरा.

चिकोडी_रोव्हर

अनुक्रमांक मग कशाला? हवेत पॅकेटं मागेपुढे तर होत नाहीत ना?

खानापूर_आठबिट

थेट एनआरएफवर होत नाहीत. अनुक्रमांक हरवलेली मोजायला. प्रत्येक सेकंदाला ५० पैकी किती आली ते कळलं की 'रेंज कमी वाटतेय' ऐवजी '४३ येतायत' असं बोलता येतं.

तरीही जुनी पॅकेटं टाकायचीच असतील (ईएसपीवर मधे दुसरा नोड ठेवला तर लागतं) तर नवीन वजा जुना हा फरक चिन्हासह आठ बिटांत घ्या, धन असेल तर नवीन. २५५ नंतर ० आलं तरी हे चालतं. पण एक फट राहते. रोबोकडे १०० आहे आणि रिमोट बंद करून परत लावला, तर ० वजा १०० म्हणजे −१००. रोबो पुढची शंभर पॅकेटं 'जुनी' म्हणून फेकणार, म्हणजे दोन सेकंद मुका. २०० वर असताना तेच केलं तर फरक +५६ येतो आणि लगेच चालतं. कधी चालतंय कधी नाही, म्हणून पोरं वैतागतात. फेलसेफ एकदा लागला की कोणताही अनुक्रमांक मान्य करायचा, एवढंच औषध.

निपाणीकर

ऑटो-अ‍ॅक (पॅकेट मिळाल्याची आपोआप पोच) चालू ठेवायचं की बंद?

अनगोळ_४७के

चालू ठेवा, पण पुनर्प्रयत्न कमी करा. लायब्ररीची मूळ सेटिंग ५ आणि १५ आहे. ५ म्हणजे १५०० मायक्रोसेकंद थांबणं, १५ म्हणजे पंधरा वेळा. नुसतं थांबण्यातच २२.५ मिलिसेकंद जातात आणि तुमचं पुढचं पॅकेट २० ला निघायला हवं होतं. शिळं चित्र पोचवायच्या नादात ताजं अडकतं. ५ आणि २ ठेवा.

अ‍ॅक चालू ठेवण्याचा खरा फायदा परतीच्या पेलोडचा. रोबो बॅटरीचं व्होल्टेज त्यातून परत पाठवतो, वेगळं पॅकेट लागत नाही. ५० मिलिव्होल्टची एक पायरी धरली तर ८.४ व्होल्ट म्हणजे १६८, एका बाइटात बसतं. हा पेलोड आधी भरून ठेवावा लागतो, त्यामुळे रिमोटला मिळणारं वाचन एक पॅकेट मागचं असतं. बॅटरीसाठी काही फरक पडत नाही. २५० केबीपीएसला थांबण्याची वेळ ५०० मायक्रोसेकंदांच्या खाली नेऊ नका, आणि परतीचा पेलोड असेल तर त्याहून जास्त लागते, म्हणून ५ तसाच राहू दे.

२५० केबीपीएस फक्त 'प्लस' चिपला आहे. मॉड्यूल घेतल्यावर लायब्ररीतून 'पी व्हेरिअंट' आहे का ते विचारून घ्या.

संकेश्वर_पीडब्ल्यूएम

स्पर्धेत चार रोबो एकत्र आले की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याचा हलतो. उपाय?

उद्यमबाग_वर्कशॉप

सगळ्यांनी एकाच ट्युटोरियलमधून '००००१' हा पत्ता आणि चॅनल ७६ तसाच उचललेला असतो, दुसरं काय! पाच बाइटांचा पत्ता स्वतःचा ठेवा. १०१०१० असा सलग उलटसुलट जाणारा नको, तो प्रीअँबलसारखा दिसतो आणि चुका वाढतात. आधी सगळे शून्य आणि मग सगळे एक, असा एकदाच बदलणाराही नको, नुसत्या खरखरीतून तो सापडल्याचा भास होतो.

चॅनलचा आकडा म्हणजे २४०० च्या वर किती मेगाहर्ट्झ. वायफायचे १, ६, ११ हे २४१२, २४३७, २४६२ वर मध्य धरून दोन्ही बाजूंना दहा-अकरा मेगाहर्ट्झ खातात. म्हणून इंटरनेटवर सगळे सांगतात, 'चॅनल १०८ घ्या, वायफायच्या वर आहे.' आपल्याकडे परवान्याविना मोकळा पट्टा २४०० ते २४८३.५ पर्यंतच आहे. १०८ म्हणजे २५०८, तो पट्ट्याबाहेर. ९२ च्या आसपास तर नाविकचा (आपल्या उपग्रह-दिशादर्शन यंत्रणेचा) एस बँड येतो, २४९२.०२८. तेव्हा ८२ च्या वर जाऊ नका. ७५ ते ८० बरे, पण वायफाय १३ वर असेल तर तिथेही गर्दी. लायब्ररीतलं स्कॅनर उदाहरण मैदानावर लावून बघा. −६४ डीबीएमपेक्षा जोरदार काही असेल तेव्हाच चिप खूण करते, म्हणून एकदा बघून भागत नाही, दोन मिनिटं चालू ठेवा.

पत्ता म्हणजे कुलूप नव्हे, हेही सांगून ठेवतो. ऐकणाऱ्याला तो काढता येतो.

चिकोडी_रोव्हर

माझ्याकडे एचसी-०५ (ब्लूटूथ मॉड्यूल) आहे, फोनवरून चालवायचंय. हेच आठ बाइट चालतील?

वडगाव_सोल्डर

चालतील, पण तिथे पॅकेट नावाची गोष्टच नाही. बाइटांची सलग धार येते, सुरुवात कुठे ते तुम्हीच ओळखायचं. पुढे १७० आणि ८५ असे दोन खुणेचे बाइट, मग आठ डेटा, मग एक सीआरसी-८. अकरा बाइट. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट, एका बाइटाला दहा) सेकंदाला ९६० बाइट जातात, आपले ५० पट अकरा म्हणजे ५५०. मावतंय.

नुसती बेरीज सीआरसीच्या जागी ठेवू नका. दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते, एक्सऑरचंही तसंच.

१७० आणि ८५ हे आकडे डेटात एकापाठोपाठ येऊ शकतात. म्हणून सीआरसी चुकला की अकराच्या अकरा बाइट फेकू नका, एक बाइट पुढे सरकून पुन्हा खूण शोधा. अकरा फेकलं तर खोट्या खुणेवर अडकून खरं पॅकेट परत परत अर्धं कापलं जातं. हे नको असेल तर कॉब्स वापरा: डेटातले शून्य काढून टाकतं आणि शून्य हीच पॅकेटच्या शेवटाची खूण. आठ अधिक सीआरसी, एक जादा बाइट आणि शेवटचं शून्य, पुन्हा अकराच होतात.

फोनची तयार अ‍ॅप्स बहुतेक 'एफ', 'बी', 'एस' अशी अक्षरं पाठवतात. ब्लूटूथ स्वतः हरवलेलं परत पाठवतं, त्यामुळे 'एस' हरवत नाही, पण जोडणीच तुटली तर शेवटचं 'एफ' तसंच राहतं. अ‍ॅप अक्षर सतत पाठवतं की एकदाच, ते आधी बघा. एकदाच पाठवणारं असेल तर वेळ मोजणारा फेलसेफ लावताच येत नाही.

आणि सॉफ्टवेअर-सिरियलवर (साध्या पिनांवर कोडने चालवलेल्या सिरियलवर) घेत असाल तर सर्वो (हात आणि पकड फिरवणाऱ्या मोटरी) थरथरणार. एक बाइट घेताना ते सुमारे एक मिलिसेकंद इंटरप्ट बंद ठेवतं. हार्डवेअरच्या ० आणि १ पिनांवर घ्या, प्रोग्रॅम चढवताना तेवढी तार काढा. एचसी-०५ च्या आरएक्सला ५ व्होल्ट थेट नको, १ के आणि २ के चा विभाजक.

निपाणीकर

मिसळ (मिक्सिंग) कुठे करायची? डावी मोटर, उजवी मोटर रिमोटवरच काढून पाठवली तर रोबोचं काम कमी होईल.

अनगोळ_४७के

रोबोवरच करा. चाकांची रचना बदलली तर रिमोट उघडावा लागत नाही. डावी म्हणजे पुढे अधिक वळण, उजवी म्हणजे पुढे वजा वळण. बेरीज १६ बिटांत करा. १०० अधिक ६० म्हणजे १६०, ते इंट-८ मध्ये टाकलं की −९६. जोरात पुढे जाताना वळलं की बाहेरचं चाक उलटं फिरतं, आणि सगळे मोटर ड्रायव्हरला शिव्या देतात. १२७ च्या वर गेलं तर नुसतं कापू नका, दोन्ही आकडे त्याच प्रमाणात खाली आणा, नाहीतर वळण बोथट होतं.

संकेश्वर_पीडब्ल्यूएम

उसाच्या सरींतून चालवायचा असेल तर? टेबलावर छान, फडात गेला की दहा-पंधरा मीटरवर थांबतो.

खानापूर_आठबिट

पानातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झ शोषतं, त्यातून पावसाळ्यात पानं ओली. पीए-एलएनएचं (सिग्नल वाढवणारं) मॉड्यूल थोडी मदत करेल, पण ते पाठवताना शंभरावर मिलिअँपिअर घेतं आणि नॅनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेतून फार तर ५० च मिळतात. वेगळा एएमएस१११७-३.३ (३.३ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) आणि मॉड्यूलच्या पायांशीच ४७ ते १०० मायक्रोफॅरड. पॅकेटं हरवण्याचं अर्धं कारण हा पुरवठाच असतो. मोटरच्या टोकांवर '१०४' लिहिलेला सिरॅमिकही लावा.

८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर लोरा (लांब पल्ल्याचा पण हळू रेडिओ) घ्यायचा विचार असेल तर पॅकेट आणखी कापावं लागेल. लोराची एसएफ७ ही सेटिंग, १२५ किलोहर्ट्झचा पट्टा, आठ बाइट म्हणजे हवेत जवळपास ३६ मिलिसेकंद. सेकंदाला ५० विसरा, १० धरा. त्याबरोबर फेलसेफ ५०० वर न्यावा लागतो आणि रोबोचा कमाल वेग तेवढाच उतरवावा लागतो. हात आणि पकड दर पाचव्या पॅकेटात पाठवा. शून्याव्या बाइटातला 'प्रकार' त्यासाठीच आहे.

चिकोडी_रोव्हर

फेलसेफचं कोडच अडकलं तर? वॉचडॉग (कोड अडकलं की चिप रिसेट करणारा टायमर) लावावा म्हणतोय.

उद्यमबाग_वर्कशॉप

लावा, ५०० मिलिसेकंदांचा. पण नॅनोवर जुना बूटलोडर (प्रोग्रॅम चढवून घेणारा छोटा कोड) असेल तर वॉचडॉगने रिसेट झाल्यावर तो बाहेरच येत नाही, रिसेटच्या फेऱ्या मारत बसतो आणि नवीन प्रोग्रॅमही चढवता येत नाही. आधी ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर चढवून घ्या. रिसेटच्या काळात पिना तरंगत्या असतात, म्हणून मोटर ड्रायव्हरच्या एनेबलला १० के ग्राउंडला ओढून ठेवा.